वजनकाट्यावर आई

हिटलरच्या जर्मनीतून निसटलेल्या ज्यू बालरोगतज्ज्ञ हिल्डे ब्रुख वर्षभर इंग्लंडमध्ये काढून १९३४ साली न्यूयॉर्कला पोहोचल्या. तिथे त्यांना नवल वाटलं ते लठ्ठ मुलांचं. दवाखान्यातच नव्हे, तर रस्त्यांवर, भुयारी रेल्वेत, शाळांतही ती दिसत होती. तो काळ महामंदीचा होता, हे ध्यानात घेतलं म्हणजे ते नवल कळतं.

१९३७ पासून त्यांनी तिथल्या बेबीज हॉस्पिटलमध्ये अशा मुलांचा अभ्यास सुरू केला. आईबाप मुलांना आणत ते संशोधनासाठी नव्हे, औषधासाठी. व्हिएन्नाच्या फ्रोलिख यांनी १९०१ साली पिट्युटरी ग्रंथीच्या गाठीमुळे स्थूल झालेल्या एका मुलाची नोंद केली होती. पुढे कुठल्याही लठ्ठ मुलाला तेच निदान चिकटवलं जाई. पालकांनाही ते सोयीचं वाटत असणार. दोष ग्रंथीचा म्हटल्यावर घरच्यांना कोण बोलणार?

ब्रुख यांनी मोजमापं घेतली, तर ही मुलं वयाच्या मानाने उंच निघाली. वयातही वेळेवर किंवा जरा लवकरच येत होती. ग्रंथी बिघडली असती तर वाढ खुंटली असती. मग त्यांनी मोर्चा घरांकडे वळवला. ग्रेस टूरेन यांच्यासह लिहिलेला त्यांचा लठ्ठ मुलांच्या कुटुंबांवरचा दीर्घ निबंध १९४० साली प्रसिद्ध झाला. घरं बहुतेक स्थलांतरितांची. आया स्वतः ओढगस्तीत वाढलेल्या, त्यामुळे भरलेलं ताट हीच त्यांची माया आणि तीच सुरक्षितता. निबंधात मात्र त्या उतरल्या मुलाला मोठं होऊ न देणाऱ्या, घरावर हुकमत गाजवणाऱ्या बायका म्हणून. आणि बाप दुबळे.

नको त्या ग्रंथी-उपचारांतून मुलांची सुटका व्हायला ब्रुख यांच्या कामाची मदत झाली, हे त्यांचं श्रेय मान्यच. पण औषध मागायला आलेली आई परत गेली ती स्वतःच आजाराचं कारण ठरून. या वापराला तिची संमती होती का? अल्पवयीनांच्या बाबतीत पालकाची संमती घ्यावी, असं सांगणारा हेलसिंकीचा जाहीरनामा यायला अजून चोवीस वर्षं होती.

आपल्याकडेही 'बाळसं' हा कौतुकाचा शब्द आणि 'लठ्ठ' हा टोमणा. दोहोंमधली रेघ कुठे ओढायची हे आईला कुणी सांगत नाही. चुकली की जाब मात्र तिलाच.

पालक अशा मोजणीपासून मागे हटतात ते अडाणीपणामुळे, असं म्हणणं म्हणूनच मला पटत नाही. इंग्लंडने २००६ पासून शाळांमध्ये चार-पाच आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलांची उंची-वजनं घ्यायला सुरुवात केली. नको असेल तर मुलाला वगळण्याची मुभा पालकांना होती. पुढे निकालाची पत्रंही घरोघर जाऊ लागली. वजनदार मुलांचे पालकच ही मुभा अधिक घेत असावेत आणि त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांचे आकडे, विशेषतः मोठ्या मुलांचे, प्रत्यक्षाहून कमी भरले असावेत, अशी शंका तिथल्याच तज्ज्ञांनी नोंदवली.