सणाची वेणी: हुकूम कोणाचा?

आपल्या मालिकेत आजवर किल्ले झाले, तह झाले, मोहिमा झाल्या. आजचा विषय ऐकून काही जण हसतील. आजचा विषय आहे लहान मुलींची सणासुदीची केशरचना. निवृत्त फौजी माणसाला वेणीफणीतलं काय कळतं, हे आमच्या घरीही विचारून झालं आहे. कळत फारसं नाही, हे खरं. पण केसांचा इतिहास हा बराचसा हुकमाचा इतिहास आहे, आणि हुकूम देण्याघेण्यात माझी तीस वर्षं गेली आहेत. तेवढ्या भांडवलावर बोलतो.

निमित्त घरातलंच आहे. आम्ही चेन्नईत मैलापूरजवळ राहतो. इथलं नवरात्र म्हणजे गोलू. पायऱ्या मांडून त्यांवर बाहुल्या बसवायच्या, नऊ दिवस संध्याकाळी एकमेकांकडे जायचं, हळदीकुंकू घ्यायचं, सुंडल खायचं. कपालीश्वराच्या देवळाजवळ उत्तर माड रस्त्यावर बाहुल्यांचा बाजार भरतो. लहान मुलींना पट्टुपावाडै, म्हणजे रेशमी परकर नेसवून घरोघरी नेतात. एखादीला कृष्ण करतात, एखादीला आंडाळ. श्रीविल्लिपुत्तूरच्या आंडाळचा अंबाडा डोक्याच्या एका बाजूला कललेला असतो, त्यामुळे पोरगी दारात उभी राहिली की कोण झाली आहे ते लगेच कळतं.

माझी नात आठ वर्षांची आहे. ती पोहायला जाते, म्हणून उन्हाळ्यात तिने केस कापून घेतले. कानाखाली चार बोटं, बस्स. नवरात्र आलं आणि शेजारच्या मामींनी जाहीर केलं की पोरीला पू-जडै, म्हणजे फुलांची लांब वेणी घालायची. केस नाहीत तर सवुरी लावू. सवुरी म्हणजे आपलं गंगावन. माझी पत्नी लगेच मामींच्या पक्षात गेली. नात म्हणाली, "आबा, मला खोटे केस नकोत." खटला माझ्यापुढे आला. मी दोन दिवसांची मुदत मागितली आणि पुस्तकं काढून बसलो.

सुरुवात फौजेपासून करू. चेन्नईपासून सुमारे 140 किलोमीटरवर वेल्लोरचा किल्ला आहे. मद्रास सैन्याचे सरसेनापती सर जॉन क्रॅडक यांच्या काळात, नोव्हेंबर 1805 मध्ये शिपायांसाठी नवे नियम निघाले. परेडवर कपाळाला गंध नको, कानात बाळी नको, दाढी काढायची, मिशा ठरावीक मापाच्या, आणि डोक्यावर चामड्याचा तुरा लावलेलं नव्या तऱ्हेचं पागोटं. 10 जुलै 1806 च्या पहाटे वेल्लोरला शिपाई उठले. टिपू सुलतानाचे मुलगे त्याच किल्ल्यात नजरकैदेत होते, तेही एक कारण होतंच. आर्काटहून आलेल्या घोडदळाने बंड त्याच दिवशी मोडून काढलं. रक्तपात भयंकर झाला. पण नियम मागे घ्यावे लागले, आणि क्रॅडक व गव्हर्नर बेंटिंक या दोघांनाही परत बोलावण्यात आलं. डोकं, दाढी, मिशी या माणसाच्या अगदी जवळच्या गोष्टी आहेत. तिथे परका हुकूम चालवायला गेलं की माणूस उठतो. शिपायाच्या हाती बंदूक होती, म्हणून तो उठला तेव्हा इतिहासात नोंद झाली. आठ वर्षांच्या मुलीच्या हाती बंदूक नसते.

आता वेणीकडे येऊ. पू-जडै हे खरोखरच पाहण्यासारखं काम आहे. आधी केसांची घट्ट तिपेडी वेणी. मग केळीच्या सोपटावर मोगऱ्याच्या कळ्या सुईदोऱ्याने ओळीने टाचायच्या. मध्ये अबोलीचे केशरी पट्टे. तमिळमध्ये अबोलीला कनकांबरम म्हणतात. कोकण-गोव्यातल्या आपल्या बायका जे फूल माळतात तेच हे. केवड्याच्या पानांच्या घड्या घालूनही वेणी सजवतात, तिला ताळंपू-जडै म्हणतात. सगळी फुलं वेणीला पाठीमागून शिवून घट्ट बसवायची. डोक्यावर गोल राक्कोडी, भांगाच्या दोन बाजूंना सूर्य आणि चंद्र, वेणीवरून उतरत जाणारं जडनागम, आणि टोकाला कुंजलम, म्हणजे गोंडे. यादी ऐकून तुम्हाला ओळखीचं वाटलं असेल. आपल्याकडेही राखडी, मूद, केतक, नाग हे केसांतले दागिने होतेच, आणि राखडी व राक्कोडी शेजारी ठेवल्या तर जुळ्या बहिणी वाटतात.

या कामाला दोन तास तर सहज लागतात, आणि एका माणसाने भागत नाही. एकजण फुलं टाचणार, दुसरी वेणी धरणार, तिसरी मुलीला गोष्टी सांगून बसवून ठेवणार. इतका खटाटोप संध्याकाळी कोमेजणार, म्हणून जुन्या तमिळ घरांत मुलीला तडक फोटो स्टुडिओत नेत. तिथे तिला आरशासमोर अशी उभी करत की एकाच फोटोत तोंडही दिसावं आणि आरशात पाठीवरची वेणीही. मैलापूरमधल्या अनेक घरांच्या भिंतींवर असे फोटो मी पाहिले आहेत. आजी झालेल्या बायका ते कौतुकाने दाखवतात, आणि मान किती दुखली होती तेही हसत सांगतात.

तसा एकही फोटो आमच्या घरात नाही. पण एक आठवण आहे, आणि ती आठवली म्हणूनच हा विषय घेतला.

माझं लहानपण वाईला गेलं. घरात वडिलांची आत्या होती. आम्ही तिला आत्याआजी म्हणायचो. जन्म 1898 च्या सुमाराचा. अंगावर लाल आलवण, डोकं तुळतुळीत, त्यावर घट्ट ओढलेला पदर. माझ्या दोन बहिणींची वेणीफणी रोज तीच करायची. तिच्यासारखी वेणी आळीत कोणाला येत नसे. पेड सारखे, भांग दोरीने आखल्यासारखा, आणि केस ओढले गेल्याची तक्रार नाही. दिवाळीला आणि गौरीला ती बहिणींची खास पाचपेडी घालायची. वेणी पूर्ण झाली की हाक मारायची, "वहिनी, फूल माळा गं." मग माझी आई येऊन शेवंती माळायची. फूल आत्याआजी स्वतः का लावत नाही, हे मी सहा-सात वर्षांचा असताना तिलाच विचारलं होतं. ती म्हणाली, "माझे हात तेलकट आहेत." पुढे कळलं की ती नवव्या वर्षी विधवा झाली होती. केस चौदाव्या वर्षापर्यंत होते, पण त्यांत फूल नव्हतं. मग तेही गेले.

ही एका घराची गोष्ट नव्हे. ज्या जातींत केशवपनाची चाल होती तिथे नवरा मेला की बाईचं डोकं न्हाव्याकडून काढवून घेत. मुलगी फार लहान असेल तर काही घरांत ती वयात येईपर्यंत थांबत, एवढीच सवलत. पुढे मरेपर्यंत दर काही दिवसांनी वस्तरा. म्हणजे सणाला मुलीच्या वेणीत माळलेलं फूल हा नुसता हौसेचा भाग नव्हता. तो एक परवाना होता, आणि तो कधीही रद्द होऊ शकत होता. ज्या घरात मुलीची लग्नं आठव्या-नवव्या वर्षी होत, तिथे एकाच ओसरीवर एकीच्या केसांत शेवंती आणि तिच्याच वयाच्या दुसरीच्या केसांत काही नाही, हे दृश्य नवं नव्हतं. हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो' मध्ये यमूवर हाच प्रसंग आणला, तेव्हा वाचकांना तो कल्पनेतला वाटला नाही. आगरकर 'सुधारक'मधून याच चालीवर तुटून पडत होते.

यातला फौजी म्हणून मला सर्वांत मोठा वाटणारा प्रसंग 1890 चा आहे. मुंबईत गिरणी कामगारांचे पुढारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक मंडळी जमली आणि त्यांनी ठरवलं की विधवांच्या डोक्याला आपण वस्तरा लावायचा नाही. विचार करा. हुकूम शास्त्राचा, सांगणारे यजमान, आणि ज्यांचं पोट त्या वस्तऱ्यावर आहे तेच म्हणतात, हे काम आम्ही करणार नाही. हुकूम पाळायला शिस्त लागते, हे मला अकादमीत शिकवलं. चुकीचा हुकूम नाकारायला त्याहून जास्त लागतं, हे मी या नाभिकांकडून शिकलो. चाल एका सभेने थांबली नाही, हेही खरं. आत्याआजीचं डोकं त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी काढलं गेलं.

चेन्नईत हाच धागा एका ओळखीच्या इमारतीपाशी सापडतो. मरीनावर फिरायला जाणाऱ्या प्रत्येकाने आइस हाउस पाहिलेलं आहे. 1842 साली अमेरिकेतून जहाजाने येणारा बर्फ साठवायला ती गोल वास्तू बांधली. 1897 मध्ये स्वामी विवेकानंद तिथे राहिले, म्हणून आज तिला विवेकानंदर इल्लम म्हणतात. या दोन गोष्टी गाइड सांगतो. तिसरी फारसं कोणी सांगत नाही. ती अशी की 1917 पासून अनेक वर्षं तिथे बालविधवांचं वसतिगृह होतं, आणि ते चालवणाऱ्या सुब्बलक्ष्मी स्वतः बालविधवा होत्या.

सुब्बलक्ष्मींचा जन्म 1886 चा, मैलापूरचा. लग्न अकरा-बारा वर्षांच्या असताना झालं आणि थोड्याच काळात वैधव्य आलं. आईवडिलांनी त्यांचं केशवपन करू दिलं नाही आणि त्यांना शिकवलं. 1911 मध्ये त्या पदवीधर झाल्या, मद्रास इलाख्यातल्या पहिल्या हिंदू विधवा पदवीधर. दुसऱ्याच वर्षी त्यांनी मोजक्या मुली घेऊन काम सुरू केलं. आपल्याकडे अण्णासाहेब कर्वे 1896 पासून पुण्यात जे करत होते, तेच काम इथे उभं राहिलं. 1958 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला यात पदव्यांपेक्षा आईवडिलांचा तो एक नकार मोठा वाटतो. आत्याआजीच्या घरात, म्हणजे माझ्याच घरात, तो नकार कोणी दिला नाही.

एक शंका इथे येईल. तिरुपतीला, पळणीला हजारो लोक आनंदाने केस देतात, बायकाही देतात. वर्षाच्या बाळाचं जावळ काढतात, तेही सणासारखं. मग मुंडणाला एवढं वाईट का म्हणायचं? बाळालाही कोणी विचारत नाही, हे मान्य. पण त्याचे केस परत येतात, आणि येऊ दिले जातात. प्रश्न वस्तऱ्याचा नाहीच. प्रश्न हा की पुढच्या वेळी त्या डोक्याबद्दल बोलण्याचा हक्क कोणाचा.

म्हणून माझा निवाडा असा झाला. गंगावन रद्द. फुलं मात्र हवीत, आणि कोणती व कुठे ते नात ठरवेल. मामींनी निकाल मोठ्या मनाने मान्य केला आणि आम्हाला तीन सोप्या तऱ्हा शिकवल्या. ज्यांच्या घरी अशीच पेच-लढाई चालू असेल त्यांच्यासाठी सांगतो.

केस आखूड असतील तर मधोमध भांग पाडा. कपाळाजवळची एकेक बट दोन्ही बाजूंनी घेऊन तिपेडी घाला, दोन्ही मागे आणून एका रबराने बांधा, आणि त्या जागी चार बोटं गजरा दोन आकड्यांनी बसवा. केस खांद्यापर्यंत असतील तर दोन वेण्या घालून वर दुमडा, रिबीन बांधा आणि रिबिनीशेजारी अबोली माळा. केस लांब असतील तर साधी सैल वेणी घालून गजरा तिच्याभोवती तिरका गुंडाळा, म्हणजे सुईदोरा लागत नाही आणि वजनही पडत नाही. विंचरताना टोकाकडून सुरुवात करून वर या. कपाळावरचे केस ताणू नका. झोपण्यापूर्वी फुलं नक्की काढा. प्रत्येकीला पाच-सात मिनिटं पुरतात. गजरा इथे मुळमाने विकतात, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, आपला हातभर. लहान डोक्याला अर्धा मुळम पुष्कळ होतो. फुलवालीचा हात आखूड असेल तर घासाघीस जरूर करा.

नातीने पहिली तऱ्हा निवडली. बटा मीच गुंफल्या. पहिल्यांदा एक वेणी जाड आणि एक बारीक झाली, म्हणून सोडून पुन्हा घातल्या. तिसऱ्या प्रयत्नाला मामींनी मान डोलावली. 1983 मध्ये कॅडेट म्हणून सेंट थॉमस माउंटला आलो तेव्हा तिथल्या न्हाव्याने माझं डोकं दीड मिनिटात साफ केलं होतं. त्याच शहरात चाळीस वर्षांनी मी अर्धा तास दोन बटांशी झुंजत होतो.

गजरा लावायची वेळ आली तेव्हा पत्नी पुढे झाली. नात म्हणाली, "नको, आबाच लावतील." माझे हात तेलकट होते. ते मी सांगितलंही. ती म्हणाली, "मग काय झालं?"

मी गजरा लावला. थोडा वाकडा बसला. तो तसाच घेऊन ती पाच घरं फिरून आली.

पुढच्या भागात पुन्हा किल्ल्याकडे वळू. तोवर जय हिंद.