मतं मोजून इतिहास लिहिता येतो का? लिनक्स डेस्कटॉप आणि वापरकर्त्यांच्या सूचना

पेट पास झालेल्या, पण प्रपोजलमध्ये अडकलेल्या मित्रमैत्रिणींसाठी आजची पोस्ट आहे. यात थोडा इतिहास आहे आणि थोडी माझी फजिती.

माझा विषय तुम्हाला माहीत आहेच: लिनक्स डेस्कटॉप घडवताना सामान्य वापरकर्त्यांचा हात किती होता? पहिल्या प्रेझेंटेशनला मी एक छान तक्ता नेला होता. त्यात तीन रकाने होते: लोकांनी केलेली सूचना, तिला मिळालेली मतं आणि तिचा निकाल. सहा महिने खपून केलेलं काम. गाईड मॅडमनी तो दोन मिनिटं पाहिला आणि विचारलं, "यात जे काहीच बोलले नाहीत, ते कुठे आहेत?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन आधी रडले, मग परत वाचायला बसले. त्या वाचनात तक्त्याचे तीनही रकाने एकेक करून कसे कोसळले, ते आज सांगते.

आधी पार्श्वभूमी

लिनक्सचा जन्मच सूचना मागण्यातून झाला असं म्हटलं तर चुकणार नाही. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने मिनिक्स वापरणाऱ्यांच्या यूजनेट गटावर एक संदेश टाकला. मी हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, तुम्हाला मिनिक्समध्ये काय आवडतं, काय आवडत नाही ते सांगा, असा त्याचा आशय होता. शेवटी त्याने एक पुस्ती जोडली: सूचनांचं स्वागत आहे, पण त्या अमलात आणीनच असं वचन देत नाही.

या पुस्तीत पुढच्या तीस वर्षांचं भांडण आहे. सूचना ऐकणं वेगळं आणि ती मानणं वेगळं. आणखी एक गोष्ट मी पहिल्या वाचनात सोडून दिली होती. त्याने विचारलं कोणाला? मिनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम शिकवण्यासाठी लिहिलेली प्रणाली होती. म्हणजे ज्यांना विचारलं ते सगळे आधीच जाणकार होते. तेव्हा त्यात काही चूक नव्हती, कारण कर्नल त्यांच्यासाठीच होता. पण पुढे १९९६ मध्ये केडीई आणि १९९७ मध्ये ग्नोम हे प्रकल्प सुरू झाले. खिडक्या, मेनू, आयकॉन असलेला पूर्ण डेस्कटॉप देणं हा त्यांचा हेतू. आता वापरणारा बदलणार होता, पण सूचना करणारा मात्र बराचसा तोच राहिला.

पहिला रकाना: सूचना

२००७ च्या फेब्रुवारीत डेल कंपनीने ग्राहकांकडून कल्पना मागवायला आणि त्यांवर मतं घ्यायला सुरुवात केली. आधीपासून लिनक्स टाकलेले संगणक विका, ही मागणी लगेच वर गेली. मे महिन्यात डेलने अमेरिकेत उबुंटू टाकलेले संगणक विकायला काढलेसुद्धा. लोकांनी मागितलं, कंपनीने दिलं. माझ्या तक्त्यातली ही सगळ्यात लाडकी ओळ होती.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २००८ मध्ये, उबुंटूने ब्रेनस्टॉर्म नावाची तशीच व्यवस्था स्वतःसाठी उभी केली. कोणीही कल्पना मांडावी, बाकीच्यांनी तिच्या बाजूने किंवा विरोधात मत द्यावं. कल्पनांचा पूर आला. पण काही काळाने या व्यवस्थेत एक बदल झाला, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला तो सर्वांत शहाणा बदल आहे. एका नोंदीचे दोन भाग केले गेले: अडचण काय आहे, हा एक भाग, आणि तिच्यावर उपाय काय, हा दुसरा. एका अडचणीखाली अनेक उपाय मांडता येऊ लागले आणि मतं उपायांना वेगवेगळी पडू लागली.

असं का करावं लागलं, ते एका साध्या, मी बनवलेल्या उदाहरणाने सांगते. समजा कोणी लिहिलं, "मेनूमध्ये वायफाय पुन्हा सुरू करायचं बटण द्या." हा उपाय झाला. अडचण आहे लॅपटॉप झोपेतून उठल्यावर वायफाय जोडलं जात नाही, ही. बटण दिलं तर सूचना मान्य झाली, पण दुखणं तसंच. ड्रायव्हर सुधारला तर सूचना फेटाळली गेली, पण माणूस खूश.

माझ्या पहिल्या रकान्यात या दोन्ही गोष्टी मी एकत्र कोंबल्या होत्या. वापरकर्ता स्वतःच्या अडचणीचा उत्तम साक्षीदार असतो. उपायाच्या बाबतीत तो आपल्यासारखाच अंदाज बांधत असतो. डॉक्टरकडे जाऊन "पोटात दुखतंय" म्हणणं आणि "मला ही गोळी द्या" म्हणणं यात जो फरक आहे, तोच इथे.

२००९ मध्ये उबुंटूने हाच फरक ओळखून 'शंभर पेपर कट' नावाची मोहीम काढली. कागदाने बोट कापतं तशा बारीक जखमा: नव्याने उबुंटू टाकलेल्या साध्या माणसाला पहिल्याच दिवशी टोचेल आणि सहज दुरुस्त करता येईल, अशीच अडचण कळवायची, ही अट. नवं काही मागायचं नाही, फक्त कुठे टोचतंय ते सांगायचं. ऑक्टोबर २००९ च्या ९.१० आवृत्तीसाठी अशा शंभर जखमा भरून काढायचं ठरलं होतं.

दुसरा रकाना: मतं

आता गाईड मॅडमच्या प्रश्नाकडे येऊ. जे बोलले नाहीत ते कुठे आहेत?

२००१ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ग्नोमची एक चाचणी घेतली. सनला आपल्या सोलारिससाठी ग्नोम हवा होता. त्यांनी मतदान वगैरे घेतलं नाही. फक्त १२ माणसं बसवली, त्यांना रोजची कामं दिली आणि ती कुठे अडखळतात ते पाहिलं. डेव्हलपरना सवयीमुळे जे दिसतच नव्हतं, ते त्या बारा जणांनी न सांगता दाखवून दिलं. पुढच्या वर्षी, जून २००२ मध्ये आलेल्या ग्नोम २ मध्ये आणि त्याच सुमारास तयार झालेल्या डिझाइन मार्गदर्शिकेत साधेपणाचा आग्रह दिसतो. त्यामागे या चाचणीचाही वाटा होता.

साधेपणा म्हणजे सेटिंग्ज कमी करणं. हॅवॉक पेनिंग्टन या ग्नोमच्या डेव्हलपरने त्या काळात असा युक्तिवाद मांडला की प्रत्येक पर्यायाची किंमत असते. एक सेटिंग वाढवली की तपासायच्या शक्यता वाढतात, पडद्यावर गर्दी होते, आणि मुळात नीट चालायला हवी ती गोष्ट "सेटिंगमधून बदला" म्हणून ढकलली जाते. जुने वापरकर्ते भडकले. त्यांच्या सवयीच्या गोष्टी गेल्या होत्या, त्यांचा राग खरा होता आणि तो लेखी नोंदलेला आहे. पण कमी सेटिंग्जमुळे ज्याचं काम सोपं झालं तो नवा माणूस "बरं झालं, इथे अमुक बटण नाही" असं लिहायला कधी येतो का? त्याची नोंदच होत नाही. मतं मोजली तर राग जिंकतो.

याच्या उलट टोकाची गोष्ट २०१० ची. उबुंटू १०.०४ च्या तयारीत खिडकी बंद करायची, लहान-मोठी करायची बटणं उजवीकडून डावीकडे नेली गेली. प्रचंड विरोध झाला. उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी उत्तर दिलं त्याचा मथितार्थ असा: ही लोकशाही नाही, पुरावा आणि चांगला अभिप्राय जरूर द्या, पण डिझाइनचे निर्णय मतदानाने होत नाहीत. एप्रिलमध्ये आवृत्ती आली ती डावीकडच्या बटणांसहच.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे उर्मट वाटलं होतं. आता वाटतं की त्यांच्या म्हणण्याचा पहिला अर्धा भाग बरोबर होता आणि दुसऱ्या अर्ध्यातून एक जबाबदारी त्यांच्यावरच येत होती. मत नको, पुरावा हवा, असं म्हणणाऱ्याने स्वतःच्या बदलाचाही पुरावा पुढे ठेवायला हवा. मोठं बहुमत चुकीचं असू शकतं हे खरं, पण म्हणून एकट्याचा निर्णय आपोआप बरोबर ठरत नाही. बटणं परत उजवीकडे आली ती ऑक्टोबर २०१७ च्या १७.१० आवृत्तीत, उबुंटूने आपला युनिटी डेस्कटॉप सोडून ग्नोम स्वीकारला तेव्हा.

दर्या आणि दऱ्या

न बोलणाऱ्यांचं आपल्या घरातलं उदाहरण पाहा. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. मराठीत या दोन शब्दांतला र वेगळा लिहावा लागतो. हिंदीला हा दुसरा र लागत नाही. संगणकावर तो उमटायचा तर युनिकोडमध्ये त्याची तरतूद हवी, फाँटमध्ये त्याचा आकार हवा आणि अक्षरं जुळवणाऱ्या प्रोग्रॅमला तो ओळखता यायला हवा. या साखळीत एक कडी तुटली तरी दऱ्यांचा समुद्र होतो. ल आणि श यांची आपली वळणंही हिंदीतल्या नेहमीच्या वळणांपेक्षा वेगळी आहेत.

आता ही अडचण मतदानाला टाकून बघा. जगभरातल्या वापरकर्त्यांमध्ये तिला किती मतं पडणार? देवनागरी वाचणाऱ्यांतही बहुसंख्य लोकांना तिची गरज नाही. शिवाय तक्रार लिहायची ती बहुतेक वेळा इंग्रजीत. ज्याला आपली भाषा पडद्यावर नीट दिसत नाही, त्याने दुसऱ्याच्या भाषेत येऊन ते समजावून सांगायचं. अशा गोष्टी सुधारतात त्या बहुमताने नाही. भाषा जाणणारं आणि फाँटच्या आत हात घालू शकणारं कोणीतरी चिकाटीने मागे लागतं, तेव्हा त्या सुधारतात. माझ्या तक्त्यात मतांच्या क्रमाने लावल्यावर ही ओळ तळाला गेली असती. मराठी माणसाच्या दृष्टीने मात्र ती पहिली आहे.

तिसरा रकाना: निकाल

उबुंटूच्या बग यादीतली पहिली नोंद शटलवर्थ यांनी स्वतः ऑगस्ट २००४ मध्ये केली होती. बाजारात मायक्रोसॉफ्टचा वाटा सर्वांत मोठा आहे, हा तो 'बग'. मे २०१३ मध्ये त्यांनीच ती नोंद बंद केली. माझ्या तक्त्यात मी समोर 'पूर्ण' लिहून मोकळी झाले होते. पण डेस्कटॉपवर विंडोज हरलं होतं का? नाही. स्मार्टफोन आणि टॅबलेट आले, त्यांवर अँड्रॉइड आणि आयओएस आले, आणि 'संगणक' कशाला म्हणायचं हेच बदललं. मैदान हललं म्हणून नोंद बंद झाली.

तेव्हा 'बंद' म्हणजे 'सुटली' नाही, आणि 'फेटाळली' म्हणजे 'मेली' नाही. २०११ मध्ये ग्नोम ३ ने डेस्कटॉपची जुनी मांडणी सोडली तेव्हा नाराज लोकांच्या मागण्या ग्नोममध्ये मान्य झाल्या नाहीत. पण त्यातूनच ग्नोम २ पुढे चालवणारा माटे आणि लिनक्स मिंटचा सिनॅमन हे डेस्कटॉप उभे राहिले. माझ्या निकालाच्या रकान्यात यासाठी जागाच नव्हती. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये न मानलेली सूचना वेगळं बिऱ्हाड करू शकते.

खुद्द ब्रेनस्टॉर्मही २०१३ मध्ये बंद झाला. त्याआधी, २०१० च्या अखेरीस, उबुंटूच्या तांत्रिक मंडळाने सर्वाधिक मतांच्या कल्पनांना उत्तरं द्यायला सुरुवात केली होती. म्हणजे मधली जवळपास पावणेतीन वर्षं लोक मतं देत होते, पण त्यांना ठरावीक वेळी उत्तर देणारं कोणी नेमलेलं नव्हतं.

तुमच्या प्रपोजलसाठी

तुमचा विषय लिनक्स नसेलही. ग्रामसभेचे ठराव असतील, रुग्णांचे अभिप्राय असतील, विद्यार्थ्यांचे फीडबॅक फॉर्म असतील. लोकांनी काय सांगितलं याची नोंद हाताशी आली की आपल्याला वाटतं, लोकच सापडले. तेव्हा मोजायला सुरुवात करण्याआधी स्वतःला चार गोष्टी विचारा.

एक, या नोंदीत अडचण कोणती आणि उपाय कोणता? दोन्ही वेगळे लिहा. दोन, इथे येऊन बोलायला काय लागत होतं: भाषा, इंटरनेट, वेळ, हिंमत? ते नसलेले लोक तुमच्या डेटात नाहीत. तीन, 'निकाल' कोणी लिहिला आणि का? चार, न बोलणाऱ्यांपर्यंत पोहोचायचा दुसरा एखादा रस्ता आहे का? सनला बारा माणसं पुरली होती, कारण त्यांनी विचारण्याऐवजी पाहिलं.

माझा तक्ता मी फेकलेला नाही. त्याचे आता सात रकाने झालेत, आणि शेवटच्या रकान्याचं नाव आहे 'इथे कोण नाही'. बऱ्याच ओळींपुढे तो अजून कोराच आहे. पुढच्या प्रेझेंटेशनला तो तसाच घेऊन जाणार आहे.