हुकुमचंद मिलची जमीन आणि आपला हिशेब



हुकुमचंद मिलच्या जमिनीवरून आपल्या इंदुरात दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, झाडं तोडू नका, गावाला श्वास घ्यायला जागा हवी. दुसरा म्हणतो, भर गावातली जमीन पडून किती दिवस ठेवणार? आमच्या सकाळच्या फिरण्यातही यावरून आवाज चढतात. माझं म्हणणं थोडं निराळं आहे, पण त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

सर सेठ हुकुमचंद म्हणजे काचमंदिर बांधणारे, कापसाचे राजे. त्यांची ही मिल. मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी, होप या बाकीच्या. आमच्या लहानपणी घड्याळ क्वचित कुणाकडे, सगळा मोहल्ला भोंग्यावर चालायचा. भोंगा झाला की आई म्हणायची, "चला, उठा आता." पाळी सुटली की रस्ताभर सायकलीच सायकली, हँडलला रिकामा डबा लटकलेला. गर्दी प्रचंड, पण पाच-दहा मिनिटांत रस्ता मोकळा.

आणि अनंत चतुर्दशीची रात्र! मिल कामगारांच्या झांक्या पाहायला आपण रात्र रात्र जागलो आहोत. ही प्रथा सुमारे १०० वर्षांची, आणि तिच्या सुरुवातीशी हुकुमचंद मिलचंच नाव जोडलेलं आहे. मिल बंद पडली तरी कामगारांनी वर्गणी काढून झांकी चालू ठेवली.

मिल १९९१-९२ च्या सुमारास बंद झाली. हजारो घरांचा पगार थांबला, देणी अडकली, प्रकरण कोर्टात गेलं. सुमारे ४२ एकर जमिनीवर मधल्या तीस वर्षांत आपोआप रान उगवलं. शेवटी मध्य प्रदेश गृहनिर्माण मंडळाने पैसे भरले आणि २५ डिसेंबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सुमारे २२४ कोटींचा चेक कामगारांसाठी दिला गेला. लाभ सुमारे ४,८०० कामगारांना.

त्या सुमारास आमच्या गल्लीतल्या एक वहिनी कागद घेऊन माझ्याकडे आल्या. यजमान मिलमध्ये होते, वाट बघता बघता गेले. बँकेत आयुष्य काढलं म्हणून मी वारसाचे कागद लावून दिले. पैसे मिळाले तेव्हा पेढे घेऊन आल्या. पुढे झाडांचा वाद पेटला, तेव्हा एके दिवशी त्यांनी विचारलं, "भाऊजी, म्हणजे आमच्या पैशापायी झाडं जाणार म्हणायची का?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही.

आज देतो. वहिनी, तुमचे पैसे म्हणजे कुणाचे उपकार नव्हेत. ते केलेल्या कामाचे होते, उशिरा मिळाले एवढंच. पण झाडं वाचवा म्हणणाऱ्यांनीही एक गोष्ट विसरू नये. ज्या योजनेला आपण विरोध करतो, तिच्याच भरवशावर हे पैसे आले. ती बंद करा म्हणायचं तर मंडळाचे पैसे कुठून फिटणार, तेही सांगावं लागेल.

उलट, पैसे भरले म्हणून हवं ते बांधायची मोकळीक मिळते असंही नाही. बँकेत आम्ही कर्ज देताना तारण बघायचो, तसं परतफेडीची ऐपतही बघायचो. इथे ऐपत बघायची ती रस्त्याची. सायकलींचा लोंढा दहा मिनिटांत ओसरायचा. आता घरटी दोन गाड्या धरा, दुकानांची गिऱ्हाइकं वेगळी. मालवा मिल चौकात संध्याकाळी आजच उभं राहून बघा. म्हणून माझं मागणं इतकंच की, मंजुरीआधी संध्याकाळच्या वाहनांची मोजणी व्हावी, प्रत्येक झाडाची नोंद व्हावी, आणि दोन्ही कागद लोकांसमोर ठेवून सुनावणी व्हावी. आधी रस्ता, मग मजले. जुनी झाडं जिथे दाट आहेत, तो भाग मोकळा ठेवून नकाशा आखता येतो का, हेही तिथेच विचारावं.

आणि एक कोपरा भोंग्याच्या आठवणीला ठेवावा. नातवाला मी अजून तरी बोट दाखवून सांगू शकतो, "इथे मिल होती."

तुमच्या घरातलं कुणी मिलमध्ये होतं का? असेल तर खाली जरूर लिहा.