चौथ्या पट्टीची वाट: बदलती विमाने आणि वैमानिकांची ज्येष्ठता

विमानकंपनीत वैमानिक रुजू होतो, त्या दिवशी ज्येष्ठता यादीत त्याचा क्रमांक पडतो. वरचे निवृत्त झाले किंवा सोडून गेले की क्रमांक पुढे सरकतो, एरवी हलत नाही. मोठ्या विमानाचे प्रशिक्षण आधी कोणाला, मुक्कामाचा तळ मुंबई की कोलकाता, दिवाळीत रजा कोणाची, आणि को-पायलटच्या खांद्यावरच्या तीन पट्ट्यांवर कॅप्टनची चौथी कधी चढणार, हे बहुतांशी त्या क्रमांकावर ठरते. क्रमांक देते कंपनी. त्याची किंमत मात्र ठरते ताफ्यावर. नवे विमान आले, जुने मोडीत निघाले किंवा दोन कंपन्यांचे ताफे एक झाले की यादी तीच राहूनही तिचा अर्थ बदलतो. मुंबईत जन्मलेल्या आणि वाढलेल्या विमानकंपन्यांच्या इतिहासात हे वारंवार घडले आहे.

याचे मूळ परवान्यात आहे. एसटीचा चालक सकाळी मेहकरहून लोणारला एक गाडी नेतो आणि दुपारी दुसऱ्याच बनावटीची गाडी घेऊन परततो. वैमानिकाला तसे करता येत नाही. त्याचा परवाना विमानाच्या प्रकाराशी बांधलेला असतो. त्याला टाइप रेटिंग म्हणतात. प्रकार बदलायचा तर आधी वर्ग, मग सिम्युलेटर, मग अनुभवी कॅप्टनच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष मार्गावरची उड्डाणे, शेवटी तपासणी. यात काही महिने जातात. त्या काळात तो माणूस कंपनीला उड्डाणासाठी मिळत नाही, आणि खर्च वेगळा. म्हणूनच प्रशिक्षणानंतर ठरावीक वर्षे सोडून न जाण्याचा बाँड लिहून घेतला जातो. वर एक कॅप्टन निवृत्त झाला की खाली साखळी सुरू होते: मधल्या विमानाचा कॅप्टन मोठ्यावर, लहान विमानाचा मधल्यावर, को-पायलट लहान विमानाच्या डाव्या खुर्चीत, नवा मुलगा उजव्या खुर्चीत. एका निवृत्तीमागे चार प्रशिक्षणे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले आणि नेव्हिल व्हिन्सेंट यांनी तेच टपाल पुढे मद्रासकडे नेले, तेव्हा असली यादी करण्याची गरजच नव्हती. एका इंजिनाची दोन पस मॉथ विमाने आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके वैमानिक! यादीचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो १९५३ मध्ये. त्या वर्षीच्या हवाई महामंडळ कायद्याने खासगी कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. आठ कंपन्यांचा देशांतर्गत कारभार इंडियन एअरलाइन्समध्ये गेला. परदेशी उड्डाणे एअर इंडिया इंटरनॅशनलकडे राहिली. इंडियन एअरलाइन्सच्या वाट्याला ९९ विमाने आली. त्यांत ७४ डकोटा, १२ व्हायकिंग, ३ डीसी-४ आणि बाकी किरकोळ. डकोटांची संख्या एवढी मोठी असल्याने यंत्राच्या बाजूने मिसळणे सोपे होते. माणसांच्या बाजूने तसे नव्हते, कारण आठ कंपन्यांच्या आठ याद्यांची एक करायची होती.

अशा वेळी तीन वाटा असतात. रुजू होण्याच्या तारखेने सगळ्यांना एका रांगेत उभे करणे ही पहिली. ती न्याय्य दिसते. पण ज्या कंपनीत बढती लवकर मिळत होती तिथला तरुण कॅप्टन तिच्यात दुसऱ्या कंपनीच्या को-पायलटच्या खाली जातो. दुसरी वाट पदाची: कॅप्टनांत कॅप्टन, को-पायलटांत को-पायलट. तिच्यात आधी रुजू झालेला पण संथ कंपनीत अडकलेला माणूस मागे पडतो. तिसरी म्हणजे कुंपण घालणे, ज्याचे विमान त्याच्यापाशी. याद्या एक होतात त्या फक्त नव्या भरतीच्या. भांडण टाळायला ही वाट बरी, पण कुंपण कायमचे टिकत नाही, कारण विमाने कायमची टिकत नाहीत.

१९५३ नंतर मुंबईत दोन सरकारी याद्या शेजारी शेजारी वाढल्या. दोघींचे वैमानिक सांताक्रूझच्या एकाच विमानतळावरून उडत. आयुष्य मात्र निराळे. इंडियन एअरलाइन्समध्ये शिडी होती: डकोटा, १९५७ पासून व्हायकाउंट, १९६१ पासून फोकर फ्रेंडशिप, मग कॅरावेल हे पहिले जेट, कानपूरला बांधलेले अव्रो, १९७० च्या अखेरीपासून बोइंग ७३७ आणि १९७६ पासून एअरबस ए-३००. पायऱ्या पुष्कळ, त्यामुळे लहान विमानावर का होईना, कमांड लवकर मिळे. एअर इंडियात पायऱ्या कमी होत्या. पहिले बोइंग ७०७ फेब्रुवारी १९६० मध्ये आले आणि १९६२ मध्ये कॉन्स्टेलेशन विमानांची पिढी संपून सगळा ताफा जेटचा झाला. १८ एप्रिल १९७१ रोजी पहिले जम्बो, म्हणजे बोइंग ७४७, ‘एम्परर अशोक’, सांताक्रूझला उतरले. इथला को-पायलट लंडन-न्यूयॉर्कची मोठी विमाने उडवी, पण वर्षानुवर्षे उजव्या खुर्चीतच. लहान विमानाचा कॅप्टन व्हावे की मोठ्याचा को-पायलट, हा धंद्यातला सनातन प्रश्न. त्याचे उत्तर अनेकांसाठी कोणत्या कंपनीचे नेमणूकपत्र आधी आले यानेच देऊन टाकले.

काहींची तर खुर्चीच गेली. ७०७ च्या कॉकपिटमध्ये दोन वैमानिकांखेरीज फ्लाइट इंजिनिअर असे आणि लांबच्या पल्ल्यावर नेव्हिगेटर. छतातल्या छोट्या झडपेतून सेक्स्टंट वर काढून तो तारे मोजी आणि टेबलावरच्या नकाशावर विमानाची जागा मांडी. जम्बोत इनर्शियल नेव्हिगेशन आले. स्वतःची जागा विमानच सांगू लागले आणि नेव्हिगेटरसाठी टेबल उरले नाही. फ्लाइट इंजिनिअर आपल्या बाजूच्या भिंतीएवढ्या पॅनेलसमोर आणखी काही वर्षे टिकला. १९८६ चे ए-३१० आणि १९९३ चे बोइंग ७४७-४०० ही दोन माणसांची विमाने होती. या दोन्ही पेशांतही ज्येष्ठता होती. खुर्चीच नाहीशी झाल्यावर यादीत पहिला असणे आणि शेवटचा असणे यांत फरक उरत नाही.

इंडियन एअरलाइन्सच्या शिडीचे दोन टोकांचे अनुभव १९९० च्या पहिल्या दीड महिन्यात येऊन गेले. यांतला पहिला लोणारच्या वाटेवरचा. लोणारचे विवर पाहायला विमानाने येणारा प्रवासी तेव्हाही आणि आजही औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, चिकलठाणा विमानतळावर उतरतो आणि पुढचा रस्ता गाडीने काटतो. १ जानेवारी १९९० रोजी मुंबई-औरंगाबाद-उदयपूर या आयसी-४९२ उड्डाणाची कमांड कॅप्टन निवेदिता भसीन यांच्याकडे होती. वय २६, विमान बोइंग ७३७. जेटची कमांड करणारी जगातली सर्वांत तरुण स्त्री म्हणून त्यांची नोंद झाली. त्यांनी नोव्हेंबर १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांच्यासोबत को-पायलट म्हणून कोलकाता-सिलचर मार्गावर फोकर उडवले होते. इंडियन एअरलाइन्समधले पूर्ण स्त्री-चमूचे ते पहिले उड्डाण. फोकरच्या उजव्या खुर्चीतून जेटच्या डाव्या खुर्चीत जायला चार वर्षे आणि काही आठवडे लागले. गुणवत्ता ज्याची त्याची असते. पण डावी खुर्ची रिकामी होण्याचा वेग ताफा ठरवतो, आणि १९८९ पासून इंडियन एअरलाइन्समध्ये ए-३२० येऊ लागली होती. ज्येष्ठ कॅप्टन तिकडे वळले की ७३७ वर मागच्यांना जागा होई.

दुसरा अनुभव १४ फेब्रुवारीचा. मुंबईहून बंगळुरूला निघालेले ए-३२० धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळले. १४६ पैकी ९२ जण गेले. डाव्या खुर्चीतल्या कॅप्टनची नव्या विमानाच्या कमांडसाठीची तपासणी त्याच उड्डाणात चालू होती. ताफाबदलाचा धोका याहून उघडा क्वचितच दिसतो. हजारो तासांचा अनुभव जुन्या विमानांवरचा, आणि हातात स्टिअरिंगऐवजी बाजूची छोटी काठी, समोर काट्यांऐवजी पडदे. सरकारने सगळी ए-३२० काही महिने जमिनीवर ठेवली. ज्येष्ठतेच्या जोरावर नवे विमान आधी मिळवलेले वैमानिक आता रिकामे बसले, आणि क्रमांकाने मागे असलेले ७३७ वाले उडत राहिले.

त्या ७३७ वाल्यांचे नशीब पुढे आणखी फळफळले. १९९२-९३ मध्ये ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, जेट या खासगी कंपन्या सुरू झाल्या. १९९४ मध्ये १९५३ चा कायदा रद्द झाला. नव्या कंपन्यांची भिस्त बोइंग ७३७ वर होती. त्यांना शिकवून तयार करायला वेळ नव्हता, तयार माणूस हवा होता, आणि तो इंडियन एअरलाइन्समध्ये होता. ए-३२० चे रेटिंग त्या बाजारात फारसे कामाचे नव्हते. सरकारी नोकरीतला क्रमांक सोडून खासगीत जाणाऱ्याला पगार जास्त मिळे, शिवाय नव्या यादीत तो अगदी वर असे. नवी कंपनी वाढली तर तिच्याबरोबर वाढण्याची संधी, बुडाली तर काहीच नाही. पुढे बाजार उलटला. २००५ मध्ये किंगफिशर आणि २००६ मध्ये इंडिगो ए-३२० घेऊन आल्या आणि एअरबसच्या रेटिंगला भाव आला. पळवापळवी इतकी झाली की वैमानिकाने सहा महिन्यांची आगाऊ सूचना द्यावी, असा नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला करावा लागला. २०१७ मध्ये कॅप्टनसाठी ही मुदत एक वर्षाची झाली.

दोन सरकारी याद्यांची गाठ अखेर २००७ मध्ये पडली. त्याआधी दोन्ही कंपन्यांनी आपापली मोठी खरेदी ठरवून ठेवली होती. एअर इंडियाची ६८ बोइंग, त्यांत २७ ड्रीमलायनर ७८७. इंडियन एअरलाइन्सची ४३ एअरबस. ऑगस्ट २००७ मध्ये कंपन्या एक झाल्या. नाव एक, बोधचिन्ह एक. वैमानिकांच्या संघटना मात्र दोन. एअर इंडियाकडची इंडियन पायलट्स गिल्ड आणि इंडियन एअरलाइन्सकडची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन. १९५३ पासून दोन बाजूंना वाढलेल्या शिड्या आता एकाच भिंतीला टेकवायच्या होत्या. एकीकडे ए-३२० चा पस्तिशीतला कॅप्टन, दुसरीकडे त्याच्याच वयाचा, बोइंग ७७७ वरचा तीन पट्ट्यांचा को-पायलट. यांत ज्येष्ठ कोण?

पहिला भडका पगारावरून उडाला. एप्रिल-मे २०११ मध्ये इंडियन एअरलाइन्सकडच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी संप केला. त्यानंतर निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमली गेली. तिने जानेवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. दुसरा भडका थेट ताफ्यावरून होता. ड्रीमलायनरचे प्रशिक्षण दोन्ही बाजूंच्या वैमानिकांना द्यायचे ठरले. गिल्डचे म्हणणे, ही विमाने विलीनीकरणाआधी एअर इंडियासाठी मागवलेली. आमचे को-पायलट त्यांच्याकडे डोळे लावून बसलेत, आणि आता पलीकडचे कॅप्टन थेट त्यांच्या डाव्या खुर्चीत येणार. पलीकडचे म्हणत, कंपनी एक असेल तर विमान कोणा एकाचे कसे? दोन्ही म्हणणी आपापल्या यादीपुरती खरी होती. मे २०१२ च्या पहिल्या आठवड्यात गिल्डचे वैमानिक आजारपणाची रजा टाकून कामावर येईनासे झाले. कंपनीने संघटनेची मान्यता काढली, शंभराच्या आसपास वैमानिकांना बडतर्फ केले, परदेशी उड्डाणे आखडती घेतली. संप ५८ दिवस चालला आणि जुलैच्या सुरुवातीला दिल्ली उच्च न्यायालयासमोर मिटला. ज्या विमानासाठी हे सगळे झाले ते पहिले ड्रीमलायनर सप्टेंबर २०१२ मध्ये, म्हणजे संप मिटल्यावर दोन महिन्यांनी, भारतात आले. न आलेल्या विमानावरून एवढे रामायण घडावे हे बाहेरच्याला नवल वाटते. यादीतल्या माणसाला नाही: एका नव्या प्रकारावरची पहिली काही वर्षे पुढच्या वीस वर्षांचा क्रम लावून टाकतात.

यादीच पुसली जाते तेव्हा काय होते, ते जेट एअरवेजने दाखवले. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेले तिचे उड्डाण शेवटचे ठरले. पंचवीस वर्षांत कमावलेले क्रमांक एका रात्रीत निरर्थक झाले. मार्च महिन्यातच ७३७ मॅक्स जगभर जमिनीवर बसवलेली असल्याने ७३७ च्या रेटिंगलाही गिऱ्हाईक कमी होते. स्पाइसजेटने जेटकडची काही ७३७ विमाने भाड्याने घेतली आणि त्यांच्यामागे वैमानिकही गेले. इतर अनेकांना कमी पगारावर, नव्या यादीच्या तळाशी, नव्याने एअरबस शिकावे लागले.

२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटांकडे परत गेली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची मागणी जाहीर झाली. १ ऑक्टोबर २०२४ ला पूर्वीची एअरएशिया इंडिया एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये आणि १२ नोव्हेंबरला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. याद्या जुळवण्याचे काम पुन्हा निघाले. ही खेप १९५३ सारखी नाही, कारण एवढी विमाने येऊ घातली असताना डाव्या खुर्च्यांचा तुटवडा कमी जाचतो. जुने विमान त्याआधीच गेले होते. २२ एप्रिल २०२४ रोजी एअर इंडियाच्या शेवटच्या काही जम्बोंपैकी एक अमेरिकेत सुटे भाग होण्यासाठी मुंबईहून निघाले आणि उडताच पंख एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकवून त्याने निरोप घेतला. जम्बोवरची नियमित प्रवासी उड्डाणे त्याआधी तीन वर्षे बंद होती. त्याचे कॅप्टन तोवर निवृत्त झाले होते किंवा दुसऱ्या विमानाचे रेटिंग घेऊन बसले होते. मुंबईहून चिकलठाण्याला येऊन लोणारची गाडी धरणारा प्रवासी आज बहुधा ए-३२० मधून उतरतो. १९९० मध्ये काही महिने जमिनीवर बसलेले, ते हेच विमान.