रुपेरी बेडी आणि तिच्या आधीची सहा वर्षे

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७९ साली सरकारी नोकरीचा राजीनामा दिला आणि जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. ‘रुपेरी बेडी तोडली’ हा शब्दप्रयोग त्या राजीनाम्याला कायमचा चिकटला आहे. शब्दप्रयोग मोठा अर्थपूर्ण, पण त्याने एक घोटाळाही करून ठेवला. बेडी म्हटली की एका घावात तुटणारी वस्तू डोळ्यांपुढे येते. एके दिवशी शास्त्रीबुवांना स्वाभिमानाची तिडीक आली, त्यांनी राजीनामा लिहिला आणि ते देशकार्याला लागले, असे चित्र आपण मनात धरून बसतो. तारखा एकाखाली एक मांडून पाहिल्या की मला वेगळीच हकीकत दिसते.

आधी सोडलेली नोकरी काय होती ते पाहू. विष्णुशास्त्र्यांचा जन्म १८५० चा. वडील कृष्णशास्त्री हे नावाजलेले विद्वान आणि शिक्षणखात्यातले वजनदार गृहस्थ. मुलगा १८७२ साली बी. ए. झाला आणि शिक्षकी पेशात शिरला. त्या काळी पदवीधर बोटांवर मोजण्याइतके. सरकारी शाळेतली जागा म्हणजे ठरलेल्या तारखेला पगार, चार माणसांत मान आणि पुढे बढतीची वाट. अशी जागा सोडणे घरच्यांना वेडेपणा वाटला असता, तर त्यात नवल नव्हते.

पण सोडण्याआधी काय काय झाले होते? वडिलांच्या ‘शालापत्रका’त ते विद्यार्थिदशेतच लिहू लागले होते. पुढे त्याचे संपादनही त्यांच्याकडे आले. त्यातली टीका सरकारला रुचली नाही आणि १८७५ मध्ये ते पत्र बंद पडले. त्याआधीच, जानेवारी १८७४ मध्ये, ‘निबंधमाला’ निघाली होती. मासिक एकहाती चालवायचे, म्हणजे दर अंकाचा मजकूर लिहायचा, मुद्रिते तपासायची, वर्गणीदार सांभाळायचे, आणि हे सगळे दिवसा वर्गात शिकवून. मालेचे एकूण ८४ अंक निघाले. त्यांतले बरेचसे ज्याला आपण बेडी म्हणतो ती पायात असतानाच लिहिलेले आहेत.

मग रत्नागिरीची बदली आली. माझ्या मते या कथेतला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. लेखक, छापखाने, वाचक, मित्र सारे पुण्यात आणि स्वतः मात्र घाटाखाली. नोकरीतली स्वस्थता आपल्या मालकीची नाही, वरच्या साहेबाच्या सहीने ती कुठेही हलवता येते, हे बदलीच्या हुकमाइतके स्पष्ट कोण सांगणार? मे १८७८ मध्ये कृष्णशास्त्री वारले. त्याच वर्षी पुण्यात चित्रशाळेची उभारणी झाली. म्हणजे राजीनाम्याच्या वेळी मालेचा वाचक तयार होता आणि छापण्याच्या धंद्यात पाऊल पडलेले होते. शाळेसाठी बाळ गंगाधर टिळक आणि माधवराव नामजोशी येऊन मिळाले. मागाहून गोपाळ गणेश आगरकर आणि वामन शिवराम आपटेही आले. राजीनामा १८७९ चा खरा, पण तो लिहायला १८७४ पासूनच सुरुवात झाली होती.

यात शास्त्रीबुवांचे धैर्य कमी होते असे कोणी समजू नये. उलट सहा वर्षे दोन ओझी वाहणे हे एका दिवसाच्या त्यागापेक्षा अवघड, असे मला वाटते. पण वडिलांचे नाव, पुण्यातले घर आणि जातीने दिलेली विद्येची वाट हे भांडवल त्यांच्याकडे होते, हेही नोंदवले पाहिजे. जोतीराव फुल्यांवर त्यांनी मालेतून जी टीका केली तिच्यात या भांडवलाची जाणीव कुठे दिसत नाही. ती टीका मला आजही अन्यायाची वाटते.

मी स्वतः लेखाविभागात तीस वर्षे काढली. इतिहासाचे वाचन संध्याकाळी आणि रविवारी. त्यामुळे असेल, पण कोणत्याही त्यागाची गोष्ट ऐकली की मी जमा-खर्च मांडून बघतो. गेल्या वर्षी माझ्या भाच्याने विचारले, “मामा, चांगली नोकरी आहे, पण मित्रांबरोबर स्वतःचे काही काढायची संधी आलीय. सोडू का?” चिपळूणकरांचे नाव त्यानेच काढले. मी त्याला हो किंवा नाही म्हटले नाही. “तुझी निबंधमाला कुठे आहे?” एवढेच विचारले. तो जरा रागावला, पण त्याने विषय सोडला नाही.

खर्चाची बाजूही त्याला सांगितली. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले आणि १७ मार्च १८८२ रोजी विष्णुशास्त्री गेले. वय अवघे ३१. बेडी तोडल्यावरचे आयुष्य त्यांना अडीच वर्षांच्या आसपास मिळाले. मागे राहिलेल्यांनी १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी काढली, पुढच्या वर्षी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले आणि आजीव सभासदांसाठी नियम झाले: वीस वर्षांची सेवा, महिना ७५ रुपये. सरकारची बेडी नको म्हणून बाहेर पडलेल्या माणसांनी आपल्या हातांनी दुसरी बेडी घडवली, आणि तीही रुप्याने फारशी मढवलेली नव्हती. सभासदांनी बाहेरून पैसे मिळवावेत की नाही यावरून वाद पेटले आणि १८९० मध्ये टिळकांनी याही संस्थेचा राजीनामा दिला. आगरकर राहिले, प्राचार्य झाले आणि १८९५ मध्ये ३९ व्या वर्षी वारले.

दोघांनीही एकाच शाळेसाठी सुखाच्या वाटा नाकारल्या होत्या. एकाला ती शाळाच पुढे सोडावी लागली, दुसऱ्याने तिथेच शेवटचा श्वास घेईपर्यंत काम केले. यांतला कोणता निर्णय बरोबर, हे ठरवायला इतिहासाकडे तराजू नाही. एवढे मात्र या तारखा सांगतात की नोकरी सोडल्याने बंधन सुटत नाही, फक्त ते निवडण्याचा हक्क आपल्याकडे येतो. तो हक्क पेलण्याची तयारी विष्णुशास्त्री पगार घेत असतानाच करीत होते.