नाव माहीत नसलेला हुकूम

उर्दू-मराठीच्या शिक्षकाने संगणकाच्या कमांडवर का लिहावे? कारण मुळात हा प्रश्न कोशाचा आहे. अरबीचा जुन्या पद्धतीचा कोश उघडून 'मकतब' हा शब्द 'मीम'खाली शोधला तर सापडत नाही. तो क-त-ब या धातूखाली, किताब आणि कातिब यांच्या शेजारी असतो. म्हणजे शब्द शोधायचा तर त्याची थोडी ओळख आधीच हवी.

युनिक्सचेही तसेच होते. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ही प्रणाली घडवली. तिची पहिली पुस्तिका 3 नोव्हेंबर 1971 ची. प्रत्येक कमांडच्या पानाचा साचा ठरलेला: नाव, लिहिण्याची रीत, वर्णन आणि 'बग्ज', म्हणजे तिच्यातले दोष. (स्वतःचे दोष छापून देणारे पाठ्यपुस्तक मी अजून पाहिलेले नाही.) लिहिण्याच्या रीतीत चौकटी कंसातला भाग ऐच्छिक. पण पाने नावांच्या वर्णक्रमाने लावलेली, आणि नावे कशी? एलएस, सीपी, आरएम. टेलिटाइपवर टंकणे संथ, म्हणून नावे आखूड. पुढे आलेला 'ग्रेप' तर 'ईडी' या संपादकातल्या एका आज्ञेचे आद्याक्षरी रूप. मजकुरात शब्द शोधायचा असेल तर हे नाव कुणाला सुचणार? नंतर बर्कलीच्या युनिक्समध्ये 'अ‍ॅप्रोपो' आला, तेव्हा विषयावरून कमांड शोधता येऊ लागली.

जेफ्री स्नोव्हर यांनी 2002 मध्ये 'मोनाड'चा जाहीरनामा लिहिला. त्यातून 2006 मध्ये मायक्रोसॉफ्टचे पॉवरशेल बाहेर पडले. इथे नावातच व्याकरण आहे: आधी क्रियापद, मग नाम. गेट-सर्व्हिस, स्टॉप-सर्व्हिस. क्रियापदांची यादीही ठरवून दिलेली. 'गेट-कमांड'ला नुसते 'सर्व्हिस' हे नाम दिले की त्या कुळातल्या सगळ्या कमांड समोर येतात, धातूखाली शब्द यावेत तशा. मग 'गेट-हेल्प' रीत सांगते, उदाहरणे देते. नावे लांबलचक होतात, जुने युनिक्सवाले त्यावर नाक मुरडतात. मला ही लांबी परवडते. उर्दू माध्यमातल्या आठवीच्या मुलीलाही 'स्टॉप' कळते, 'ग्रेप' मात्र इंग्रजी माध्यमातल्या मुलालाही घोकावेच लागते.

एक अडचण आहे. 2012 च्या तिसऱ्या आवृत्तीपासून मदतीची पूर्ण पाने सोबत येत नाहीत, 'अपडेट-हेल्प' देऊन उतरवावी लागतात. तोवर रीतीचा सांगाडा दिसतो, उदाहरणे नाहीत. शाळेच्या संगणक खोलीत इंटरनेट नसेल तर दुसऱ्या संगणकावर 'सेव्ह-हेल्प' वापरून पाने पेनड्राइव्हवर घ्यावीत आणि 'अपडेट-हेल्प'ला त्या फोल्डरचा पत्ता द्यावा.