भाड्याची गाणी आणि आईची वही

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. निमित्त घरगुतीच आहे, पण विचार करता करता शंभर-सव्वाशे वर्षं मागे जाऊन आले, म्हणून इथे मांडते.

दोन वर्षांपूर्वी नातवानं माझ्या फोनवर गाण्यांचं एक अ‍ॅप घालून दिलं. वर्षाची वर्गणी त्यानंच भरली. तेव्हा आमचे हे अंथरुणावर होते. उजवा हात चालत नव्हता, बोलणं तुटक झालं होतं, पण गाणी पक्की आठवत होती. ते अर्धी ओळ म्हणायचे, मी ती पुरी करायची आणि नातू ते गाणं शोधून यादीत घालायचा. तो पुण्याला परत गेल्यावर मीच शोधायला शिकले. अशी एकशे त्र्याऐंशी गाणी झाली. शेवटचं गाणं सांगितल्यावर अकरा दिवसांनी हे गेले.

दुसऱ्या वर्षीची वर्गणी मी पेन्शनमधून भरली. यंदा म्हटलं, पुरे. गाणी सगळी डाउनलोड केलेली आहेत, फोनमध्येच आहेत, मग दरवर्षी पैसे कशाला? वर्गणी बंद केली. थोडे दिवस काही फरक पडला नाही. मग एका सकाळी बघते तर सगळी नावं राखाडी. बोट लावलं की वर्गणी भरण्याची सूचना.

नातवाला फोन केला. तो म्हणाला, "आज्जी, ती गाणी तुझी नव्हतीच गं. तू भाडं भरत होतीस."

मग त्यानं नीट समजावून सांगितलं. डाउनलोड केलेलं गाणं फोनमध्ये येतं हे खरं, पण ते कुलूपबंद पेटीत येतं. पेटी आपल्या घरात, किल्ली कंपनीकडे. काही दिवसांनी अ‍ॅप इंटरनेटवर जाऊन विचारून येतं, की ह्या गिऱ्हाइकाची वर्गणी चालू आहे ना? स्पॉटिफायमध्ये तर तीस दिवसांतून एकदा तरी इंटरनेट जोडावंच लागतं. उत्तर 'नाही' आलं की पेटी उघडत नाही. ह्यात लबाडी काही नाही, अटींमध्ये सगळं लिहिलेलं असतं. आपण न वाचता 'मान्य' म्हणतो. पस्तीस वर्षं मुलांना 'आधी प्रश्न नीट वाचा' असं सांगणारी मी, मीही तेच केलं.

नशीब एवढंच की यादीतली नावं अजून दिसत होती. तीही कधी जातील ह्याचा भरवसा वाटेना. दोनशेपानी वही आणली आणि चार रात्री बसून सगळी नावं त्याच क्रमानं उतरवून काढली. क्रम महत्त्वाचा होता, कारण तो ह्यांचा होता. लिहिता लिहिता मनात आलं, गाणं आपल्याजवळ ठेवायची ही धडपड काही आजची नाही. आमच्या पंचक्रोशीला तर ती चांगलीच ठाऊक आहे.

कबनूर आणि इचलकरंजी आता एकमेकांत मिसळून गेलेली आहेत. ह्याच इचलकरंजीच्या संस्थानात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९-१९२६) दरबारी गवई होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवण्याचं मोठं श्रेय त्यांना देतात. ती काही त्यांना घरबसल्या मिळाली नाही. घरदार सोडून ते उत्तरेकडे गेले आणि वासुदेवबुवा जोशांची सेवा करून शिकले. तेव्हा गाणं साठवायला गळ्याशिवाय दुसरी जागा नव्हती. गुरूनं शिकवलं तेवढं आणि आपल्या लक्षात राहिलं तेवढंच आपलं. बुवांनी ते पुढे मिरजेत आणि इचलकरंजीत शिष्यांना दिलं. त्यांतले एक कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर. त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. कृष्णाकाठचा मुलगा मिरजेत शिकला आणि ते गाणं लाहोरला पोचलं, तेही कुठलं यंत्र नसताना.

पण गळ्यात ठेवलेल्या गाण्याला एक मोठा धोका असतो. माणूस गेला की गाणं गेलं. त्यात पुष्कळ घराण्यांत चिजा लपवून ठेवायची रीत. पंडित भातखंड्यांनी (१८६०-१९३६) हे जाणलं. ते मुंबईतले वकील. गावोगाव हिंडून, उस्तादांची मनधरणी करून त्यांनी हजाराहून अधिक बंदिशी मिळवल्या, त्यांचं स्वरलेखन केलं आणि 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत त्या छापल्या. काही लोकांना ते आवडलं नाही. कागदावर गाणं उतरतं का, असं ते म्हणत. त्यांचं अगदीच चुकीचं नव्हतं. कागदावर सगळं उतरत नाही. पण जे उतरलं ते टिकलं, आणि कुणालाही विकत घेता येऊ लागलं.

आमच्या कोल्हापूरचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. शाहू महाराजांच्या पदरी अल्लादिया खाँसाहेब होते. जयपूर घराण्याचे इतके मोठे गवई, पण त्यांनी स्वतःची तबकडी काढू दिली नाही. १९४६ मध्ये ते वारले. त्यांचा आवाज आज कुठेच नाही. त्यांची गायकी आपल्याला कळते ती मोगूबाई कुर्डीकर, केसरबाई केरकर अशा शिष्यांच्या गाण्यातून.

केसरबाईंच्या एका तबकडीची हकिगत मला फार आवडते. 'जात कहाँ हो' ही त्यांची भैरवी, जेमतेम साडेतीन मिनिटांची. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. १९७७ मध्ये अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं अवकाशात सोडली. त्यांच्यावर पृथ्वीवरच्या निवडक संगीताची एक सोनेरी तबकडी बसवायची होती. कार्ल सेगन यांच्या समितीनं त्यासाठी भारतातून केसरबाईंची ही भैरवी निवडली. पण ती तबकडी बाजारातून केव्हाच गेलेली. शोधाशोध झाली. शेवटी न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखाली धूळ खात पडलेल्या खोक्यात तिच्या तीन प्रती मिळाल्या! दुसरं यान ५ सप्टेंबरला उडालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

आता विचार करा. कुणीतरी विकायला म्हणून आणलेल्या, न खपलेल्या तीन तबकड्या खोक्यात राहिल्या म्हणून ते गाणं सूर्यमालेबाहेर गेलं. त्या तबकड्यांना दर महिन्याला कुणाची परवानगी घ्यावी लागत नव्हती.

अर्थात तबकडी आणि ग्रामोफोन सगळ्यांना परवडत नसे. माझं माहेर मिरजेचं. आमच्याकडे ग्रामोफोन सोडाच, रेडिओही नव्हता. शेजारी होता. १ एप्रिल १९५५, रामनवमीला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींचं संगीत. दर आठवड्याला एक नवं गाणं. त्या वर्षी अधिक महिना आल्यानं गाणी छप्पन्न झाली आणि १९५६ च्या रामनवमीच्या सुमाराला ते संपलं. मी तेव्हा चार-पाच वर्षांची. आई मला कडेवर घेऊन शेजारच्या ओसरीवर बसायची, हातात वही आणि शिसपेन्सिल. लिहून होईपर्यंत गाणं पुढे जायचं. राहिलेला शब्द ती पुन्हा लागल्यावर किंवा वर्तमानपत्रात छापून आल्यावर भरायची. १९५७ मध्ये पुस्तक निघालं, ते आम्ही घेतलंही, पण आईनं वही टाकली नाही. पुस्तकात शब्द बरोबर होते. वहीत मात्र कुठली ओळ लांबवायची तिथे आडवी रेघ होती, कुठे थांबायचं तिथे टिंब होतं. आई शाळेत चौथीपर्यंत गेलेली. भातखंडे हे नाव तिनं ऐकलेलं नव्हतं, पण स्वतःपुरतं स्वरलेखन तिनं केलं होतं.

लग्न होऊन मी कबनूरला आले. ह्यांचे चार माग होते, घराला लागूनच कारखाना. दिवसरात्र खडखडाट. नवीन आले तेव्हा मला झोप लागायची नाही, पुढे माग बंद पडले की जाग यायची. ऐंशीच्या दशकात घरात टू-इन-वन आला. कोऱ्या कॅसेट आणायच्या, सांगली केंद्रावर गाणं लागलं की 'रेकॉर्ड' आणि 'प्ले' ही दोन बटणं एकदम दाबायची. निवेदिकेचं बोलणं मध्ये आलं की हे चरफडायचे. कॅसेट भरली की तिच्या कडेचा प्लॅस्टिकचा तुकडा मोडायचा, म्हणजे तीवर चुकून दुसरं काही भरलं जात नाही. तुकडा मोडल्यावर पश्चात्ताप झाला तर तिथे चिकटपट्टी लावायची! वेष्टणावर गाण्याचं नाव, गायक आणि तारीख ह्यांच्या अक्षरात.

नंतर सीडी आली, मग एकाच सीडीत शंभरावर गाणी बसू लागली, मग पेनड्राइव्ह. प्रत्येक वेळी वस्तू लहान झाली, पण ती आपल्या हातात होती. वर्गणीच्या गाण्यांत पहिल्यांदा असं झालं की हातात काहीच उरलं नाही. सोय मोठी आहे, ते मी नाकारत नाही. अंथरुणावरच्या माणसानं अर्धी ओळ म्हणावी आणि क्षणात गाणं लागावं, हे मला कुठल्या कपाटातून देता आलं असतं? त्या वर्षाच्या भाड्याबद्दल माझी काही तक्रार नाही. फक्त भाड्याचं घर स्वतःचं समजून मी त्यात दागिने ठेवले, ही चूक झाली.

आणि वर्गणी भरत राहिलं तरी घरमालक टिकेलच असं नाही. २०२० मध्ये गूगल प्ले म्युझिक बंद झालं. त्यांनी निदान संग्रह दुसरीकडे हलवायची सोय दिली. २०२४ मध्ये आपल्याकडे रेसो बंद झालं, त्याच वर्षी एअरटेलनं विंक बंद केलं.

तर मी काय केलं ते सांगते, कुणाला उपयोग झाला तर बरं. पहिलं म्हणजे यादी कागदावर. नुसतं गाण्याचं नाव नाही, गायक, संगीतकार, चित्रपट किंवा नाटक हेही, कारण एकाच मुखड्याची दोन-तीन गाणी निघतात. नातू म्हणतो, वर्गणी चालू असतानाच यादी फाइल करून उतरवून घ्यायची साधनं इंटरनेटवर आहेत. ज्यांना जमेल त्यांनी तसं करावं. दुसरं, यादी घेऊन घरचं कपाट उघडलं. एकशे त्र्याऐंशीपैकी सत्त्याण्णव गाणी घरातच निघाली, कॅसेट आणि सीडी मिळून! आपल्याच घरात असलेल्या गाण्यांचं भाडं मी भरत होते. तिसरं, उरलेल्यांतली जमतील तशी विकत घेते आहे. जुन्या सीडी स्वस्तात मिळतात. कुलूप फोडायच्या वाटा सांगणारेही भेटले, त्यांना नमस्कार केला. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झालं की पुढे साठ वर्षांनी त्याचा हक्क संपतो (गीत आणि चाल ह्यांचे हक्क वेगळे असतात). मुंबईत १९९० पासून 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' आहे. जुन्या तबकड्या जपणाऱ्या हौशी लोकांची ही संस्था. असे लोक नसते तर पुष्कळ आवाज आपल्याला नुसते नावानंच माहीत राहिले असते. चौथं, जे आहे त्याच्या दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत. एक माझ्याकडे, एक पुण्याला.

छत्तीस गाणी अजून नुसती नावंच आहेत. असो. राहिली तर राहिली, निदान काय शोधायचं ते माहीत आहे.

दिवाळीत नातू आला तेव्हा आम्ही जुना टू-इन-वन दुरुस्त करून आणला आणि एकेक कॅसेट संगणकावर उतरवायला घेतली. ह्यांनी शेवटी सांगितलेलं गाणं एका कॅसेटवर निघालं. वेष्टणावर १९८८ ची तारीख. अ‍ॅपवर तेच गाणं अगदी स्वच्छ होतं. ह्याच्यात खरखर, त्यामागे चार मागांचा खडखडाट, आणि दुसऱ्या कडव्यानंतर ह्यांचा आवाज. धडधाकट, मोठा आवाज. "अरे, दार लावा ते, रेकॉर्डिंग चाललंय!"

नातवानं विचारलं, मधलं बोलणं काढून टाकू का, येतं तसं करता.

मी म्हटलं, हात लावू नकोस.

तुमच्याकडे अशा कॅसेट असतील तर पावसाळ्याच्या आत एकदा काढून बघा. आपल्याकडच्या दमट हवेत फितीला बुरशी धरते. पांढरे ठिपके दिसले तर घाईनं वाजवू नका, फीत तुटते. आधी जाणकाराला दाखवा. आणि वेष्टणावर कुणाचं अक्षर असेल तर ते वेष्टणही ठेवा.